परसातल्या कोंबड्यांची दुखणी: तपासणी, सफाई आणि घरचे उपचार

कोंबडी आजार लपवते. कळपात जी अशक्त दिसेल तिला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्यासारखे करत राहते. पिसे फुगवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी दिसते तेव्हा दुखणे बहुधा आठवडाभर जुने झालेले असते. "काल तर चांगली होती" असे आपण म्हणतो, पण काल तिला कोणी हातात घेतलेले नसते. चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्याने औषधांची नावे शिकण्याआधी आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घेऊन बघण्याची सवय लावावी. दुसरे म्हणजे, यातली निम्मी दुखणी कोंबडीत नसतात, खुराड्यात असतात. तिथे काही बदल न करता नुसती कोंबडी बरी केली तर पंधरा दिवसांत तेच दुखणे परत येते.

रात्रीची तपासणी

दिवेलागणीनंतर तासाभराने, कोंबड्या दांडीवर बसल्या की बघावे. त्या वेळी त्या पळत नाहीत आणि रक्त पिणारे किडे नेमके तेव्हाच बाहेर येतात. एक तळवा छातीखाली घालून दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात धरा आणि दुसऱ्या हाताने पंख अंगाशी दाबून ठेवा. बाजारात धरतात तशी पाय धरून उलटी लटकवू नका. गळ्याखालच्या अन्नपिशवीत पातळ काही साचले असेल तर ते घशातून श्वासनलिकेत उतरते आणि कोंबडी हातातच गुदमरते.

आधी वजन करा. झाकणाची टोपली आणि लटकता काटा पुरतो. गावठी कोंबडी साधारण 1.2 ते 1.6 किलो भरते, गिरिराज-वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या त्याहून बऱ्याच जड असतात. आकड्यापेक्षा त्यातला फरक महत्त्वाचा. दीड किलोची कोंबडी महिन्यात दीडशे ग्रॅम उतरली असेल तर आत काहीतरी चालू आहे. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले हवे. हाड सुरीसारखे टोचत असेल तर जंत, उवा किंवा जुना आजार यांपैकी एक गृहीत धरा.

तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारे मांस) लालभडक हवेत. मात्र खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, आणि पिसे टाकणाऱ्या कोंबडीचा तुरा फिका पडतोच, त्याची काळजी नको. फिका तुरा म्हणजे रक्त कमी, आणि निळसर तुरा म्हणजे श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास. डोळ्यांत फेस आणि नाकपुड्यांना चिकटा नसावा. कोंबडी कानाजवळ धरून श्वास ऐका, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर तिला त्याच रात्री वेगळी ठेवा. नंतर पंखाखाली, बुडाभोवती आणि तळपायावर टॉर्च मारा. गळ्याखालची अन्नपिशवी रात्री भरलेली आणि पहाटे दाणे टाकण्याआधी रिकामी असायला हवी.

शीटही बघा. निरोगी शीट घट्टसर असते आणि वर पांढरी टोपी असते. पण दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी, चिकट आणि घाणेरड्या वासाची शीटही पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि ती रोग नव्हे. हीच बघून घाबरून अँटिबायोटिक सुरू करणारे खूप आहेत.

हे सगळे करायला एका कोंबडीमागे तीन मिनिटे लागतात. वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उवा, गोचीड आणि तांबडे किडे

हे तीन वेगवेगळे शत्रू आहेत. सगळ्यांना "पिसवा" म्हणून एकच उपाय केला की तो फसतो.

उवा आयुष्यभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. बुडाभोवतीची पिसे फुंकर मारून बाजूला केली की पिवळसर उवा धावताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी मीठ चिकटल्यासारखे लिखांचे पुंजके असतात. गोचीड आणि तांबडे किडे दिवसा खुराड्यात लपतात. दांडीच्या सांध्यात, बांबूच्या फटीत, भिंतीच्या चिरेत त्यांची वस्ती असते. रात्री रक्त पिऊन ते परत जातात. म्हणून दिवसा कोंबडी तपासून "काही नाही" असे वाटते आणि तुरा मात्र फिका पडत जातो. यांची परीक्षा सोपी आहे. रात्री दांडीच्या खालच्या बाजूला पांढरा कागद घासा. त्यावर तांबडे ओघळ उठले तर किडे आहेत. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुर करत असतील तर तीही हीच खूण. गोचिडांमुळे नुसते रक्त कमी होते असे नाही, ताप येऊन कोंबड्या पटापट मरतात असा जिवाणूचा रोगही त्यांच्यामार्फत पसरतो.

उवांसाठी कोंबड्यांकरिता मिळणारी परमेथ्रिनची पावडर वापरावी. जुन्या पायमोज्यात ती भरून बुडाभोवती, पंखाखाली आणि मानेवर थोपटा, डोळे-चोच झाकून धरा, आणि स्वतःच्या तोंडावर रुमाल बांधा. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्यामुळे 7 ते 10 दिवसांनी दुसरी फेरी करावीच लागते. बहुतेकांचा उपाय फसतो तो ही दुसरी फेरी चुकल्यामुळे. लिखांचे कडक पुंजके असलेली पिसे मुळाशी कातरून जाळून टाका, उपटू नका.

गोचीड आणि तांबड्या किड्यांसाठी खुराड्याकडे वळायचे. कोंबड्या बाहेर काढा, तूस उचलून जाळा, दांड्या सुट्या करून कडक उन्हात टाका आणि फटींत उकळते पाणी ओता. नंतर कळीचा चुना भिजवून दोन हात द्या, ब्रश फटीत दाबून. लाकूड-बांबू नसलेल्या जागी, म्हणजे विटांच्या आणि लोखंडी सांध्यांत, ब्लोलॅम्पची ज्योत फिरवणे सर्वांत खात्रीचे. फवारायचेच असेल तर पशुवैद्यकीय दुकानातले डेल्टामेथ्रिन लेबलवरच्या मात्रेत, रिकाम्या खुराड्यात फवारा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच करा. गोचीड महिनोन्‌महिने उपाशी जगतो. "दोन महिने खुराडे रिकामे होते" एवढ्याने तो मेला असे धरू नका.

नाशिक जिल्ह्यात इथे एक धोका आहे, आणि तो जीवघेणा आहे. द्राक्षबागेच्या घरी फवारणीची औषधे हाताशी असतात आणि "पिकावरचे किडे मरतात तर हेही मरतील" म्हणून तीच पातळ करून कोंबड्यांवर मारली जातात. कोंबडी दिवसभर चोचीने पिसे विंचरते, म्हणजे अंगावरचे औषध थेट पोटात जाते. क्लोरपायरीफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारख्या औषधांनी लाळ गळते, पाय लटपटतात, श्वास कोंडतो आणि काही तासांत कोंबडी जाते. वाचलीच तर विष अंड्यात उतरते. बागेत फवारणी असेल त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस कोंबड्या बांधावरही सोडू नयेत. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस विचारून ठेवावा, वाऱ्याने औषध परसात येतेच.

कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धुळीची अंघोळ. त्यासाठी दोन फूट लांब-रुंद आणि नऊ इंच खोल जागा छपराखाली करून द्या. कोरडी मऊ माती दोन भाग, नदीची वाळू एक भाग आणि चाळलेली लाकडाची राख एक भाग घ्या. वाळलेला कडुनिंबाचा पाला चुरून दोन मुठी टाका. राख पूर्ण थंड हवी आणि नुसत्या लाकडाची हवी. चुलीत प्लास्टिकची पिशवी जळाली असेल तर ती राख नको. भिजलेली राख कातडी भाजते, म्हणून पाऊस आत येऊ देऊ नका.

खुडूक कोंबडी रवणावर बसवण्याआधी तिच्या उवा आवर्जून बघा. 21 दिवस ती धुळीत लोळायला फारशी उठत नाही, उवा चौपट होतात, आणि पिल्ले अंड्यातून निघताच त्यांच्या डोक्यावर चढतात. पावडर लावायची ती अंडी ठेवण्याआधी.

पाय

पायाचे खवले वर उचललेले, खाली पांढरट खडूसारखा थर आणि पाय जाड दिसत असतील तर खवल्यांखाली खरजेचा बारीक किडा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. लोक पाय रॉकेलमध्ये बुडवतात. किडा मरतो, पण कातडीही भाजते आणि कोंबडी बसून राहते. योग्य पद्धत जरा सावकाश आहे:

1. कोमट पाण्यात चिमूटभर साबणाचा चुरा टाकून पाय 10 मिनिटे भिजवा.
2. मऊ टूथब्रशने खवल्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली घासा. सुटेल तेवढेच काढा. नखाने खवला उपटला तर रक्त येते.
3. पाय पूर्ण कोरडा करून व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल जाड थराने चोपडा, बोटांच्या बेचक्यांतही. थराखाली हवा न मिळून किडा मरतो.
4. पहिला आठवडा एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा, असे किमान चार आठवडे करा.

खवले लगेच सपाट होत नाहीत. नवा खवला पुढच्या पिसे टाकण्याच्या काळात येतो, म्हणून पाय वाईट दिसतो एवढ्यावरून उपचार फसला असे समजू नका. सूज उतरली आणि चाल सुधारली तर तो लागू पडला. सगळ्या कोंबड्यांचे पाय एकाच दिवशी करा आणि दांडीही घासून काढा. खूप पसरले असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. ते घरी अंदाजाने देऊ नये. अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यांनाच विचारा.

तळपायाला काळी खपली आणि आत कडक गाठ असेल तर ते वेगळे दुखणे. उंच दांडीवरून शहाबादी फरशीवर उडी मारून तळव्याला मुका मार लागतो किंवा तारेचे टोक घुसते, आणि आत जंतूंचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट होतो. गाठ लहान असेल, पाय गरम नसेल, तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट विरघळवून पाय 15-20 मिनिटे बुडवा. कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावा, कापसाची गादी ठेवून चिकटपट्टीने आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधा. बोटे फुगून निळी होत असतील तर पट्टी घट्ट झाली आहे. दर दोन दिवसांनी बदला, दोन-तीन आठवडे. हातमोजे घाला, हे जंतू माणसाच्या जखमेतही जातात. पाय गरम असेल, सूज वर चढली असेल तर चिरा डॉक्टरांनीच द्यायचा. स्वयंपाकघरातल्या ब्लेडने तळवा कापू नका, तिथली शीर आणि स्नायुबंध अगदी वरच असतात. आणि दांडी खाली आणा: दीड-दोन फूट उंच, दोन इंच रुंद, कडा गोल केलेली, खाली तीन इंच तूस.

अंडे अडकणे

कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहते, शेपूट खाली, वारंवार घरट्यात जाऊन येते, जोर करते आणि काही निघत नाही. ही तासांची गोष्ट आहे, दिवसांची नव्हे. चोवीस तास उलटले की अंडे नसांवर आणि मूत्रमार्गावर दाबून कोंबडी जाऊ शकते.

टबात 38 ते 40 अंश कोमट पाणी घ्या. कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल एवढे गरम. कोंबडीचे बूड आणि पोट बुडेल असे 20 मिनिटे धरा. अंग टॉवेलने टिपा, हातमोज्याच्या बोटाला खोबरेल तेल लावून बुडाच्या आत अर्धा इंच फिरवा. मग झाकलेल्या, अंधाऱ्या, उबदार खोक्यात तासभर एकटी सोडा. 500 मिलिग्रॅमच्या साध्या कॅल्शियमच्या गोळीची अर्धी गोळी पाण्यात कालवून पाजा, कारण आतड्याप्रमाणे अंडनलिकेच्या स्नायूंनाही आकसायला कॅल्शियम लागते. तासाभरात नाही झाले तर पुन्हा एकदा अंघोळ. तेवढ्यावरही नाही, तर दवाखाना. पोट दाबून अंडे बाहेर ढकलू नका आणि आतल्या आत फोडू तर मुळीच नका, कवचाच्या धारा नलिका चिरतात.

जोर करून आंग (अंडनलिकेचा आतला लाल भाग) बाहेर आले असेल तर आधी मिठाच्या पाण्याने धुवा. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा. त्यावर मध लावा, तो सूज ओढून घेतो. दहा मिनिटांनी ओल्या बोटाने हलकेच आत सारा. कोंबडी आठवडाभर वेगळी आणि कमी उजेडात ठेवा, म्हणजे अंडी देणे थांबेल. बाकीच्यांत सोडली तर लाल मांस बघून त्या आतडे बाहेर येईपर्यंत टोचतात. आंग काळे पडले असेल तर घरी काही करू नका.

हे पुन्हा पुन्हा होत असेल तर खाद्य बघा. अंड्यावरच्या कोंबडीला नुसता मका-बाजरी पुरत नाही. वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा कायम ठेवा, तिला लागेल तेवढा ती खाते. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडाला इजा होते.

अन्नपिशवी आणि कांदा

सकाळी उपाशीपोटी पिशवी कडक चेंडूसारखी लागली तर वाळलेले लांब गवत, सुतळी किंवा तूस आत अडकले आहे. सुईशिवायच्या सिरिंजने 2-3 मिलिलिटर खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोचीच्या कडेने थेंब-थेंब सोडा, घशाच्या मधोमध नाही, कारण जिभेमागेच श्वासाचे भोक असते. वर थोडे कोमट पाणी पाजून गाठ बोटांनी हळूहळू पाच मिनिटे चोळा. दिवसातून तीनदा चोळा आणि बारा तास दाणा बंद ठेवा. पिशवी मऊ, डबडबीत आणि चोचीला आंबूस वास असेल तर आत बुरशी धरली आहे. त्याला डॉक्टरांचे बुरशीनाशक लागते, तेल नको. उलटी करून पाणी काढण्याचा प्रकार करू नका, कारण वर सांगितले आहे. वाळूचे बारीक खडे खाऊ दिलेत तर पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, ते नीट दळले जातात आणि हा त्रासच कमी होतो.

लासलगाव-निफाड पट्ट्यात चाळीतला सडका कांदा कोंबड्यांपुढे टाकण्याची सवय दिसते. जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कोंबडी फिकी, अशक्त होते. सडलेल्या ढिगातल्या किंवा मेलेल्या जनावरातल्या अळ्या खाल्ल्या तर त्यांतल्या विषाने मान लुळी पडून कोंबडी जमिनीला टेकते. ढीग कुंपणाबाहेर टाका.

रक्ती हगवण आणि जंत

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात किंवा शहरातही ओल्या तुसावर, तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख सोडून उभी राहिली आणि शीटेत रक्त दिसले तर रक्ती हगवण धरा आणि त्याच दिवशी औषध चालू करा. 20 टक्के अँप्रोलियम पावडर एक लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, पाच दिवस, दुसरे कुठलेही पाणी न ठेवता. रोज नवे द्रावण करा. या काळात बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारते, आणि तुम्ही तेच जीवनसत्त्व पाजले तर औषध वाया जाते. बी-कॉम्प्लेक्स कोर्स संपल्यावर द्या.

औषधापेक्षा तूस महत्त्वाचे. मुठीत दाबून बघा: लाडू वळला तर ओले, सुटून पडले तर ठीक. भाताचे तूस त्र्यंबक-इगतपुरीकडच्या भातगिरण्यांत मिळते. दोन-तीन इंच थर, पाण्याच्या भांड्याभोवतीचे रोज बदला. भांडे विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवले की त्यात शीट आणि माती कमी पडते.

जंतांसाठी दर तीन महिन्यांनी अल्बेंडाझोल द्यावे. 2.5 टक्के द्रावण दोन किलोच्या कोंबडीला 1 मिलिलिटर, प्रत्येकीला वेगळे, वजन करून. पिण्याच्या पाण्यात टाकले तर तळाशी बसते, आणि जी आजारी ती पाणी कमी पिते म्हणून तिलाच कमी मिळते. पंधरा दिवसांनी दुसरा डोस. औषधानंतर 14 दिवस अंडी घरी खाऊ नका, विकूही नका. पिसे टाकण्याच्या काळात जंतनाशक टाळा, नवी पिसे वाकडी येऊ शकतात.

थंडी, सर्दी, देवी

निफाडचा पारा उतरला की बागाईतदार द्राक्षांत शेकोट्या करतात, आणि घरी खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक बांधले जाते. यानेच कोंबड्या आजारी पडतात. शीटेतला अमोनिया आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर जळते आणि सर्दीच्या जंतूंना वाट मोकळी होते. कोंबडीला कोरडी थंडी चालते, ओल आणि झोतावारा चालत नाही. खालचे तीन फूट गोणपाटाने झाका, वरचा फूटभर जाळीचा भाग उघडा ठेवा. खाली बसून श्वास घ्या: तुमच्या नाकाला झोंबत असेल तर तिच्यासाठी तो कधीच जास्त झाला आहे.

चेहरा एका बाजूने सुजला, डोळा बंद झाला आणि चिकट्याला सडका वास असेल तर ती साधी सर्दी नाही, डॉक्टरांचे अँटिबायोटिक लागते. घरातल्या उरलेल्या गोळ्या फोडून देऊ नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक पशुपक्ष्यांत वापरायला भारतात 2019 पासून बंदी आहे, जुनी पाकिटे कोणी दिली तरी घेऊ नका.

पावसाळ्यानंतर तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती मसुरीएवढे फोड उठतात ती देवी. डास चावून ती पसरते. विषाणूवर औषध नाही. खपल्या उपटू नका, त्यांतच विषाणू असतो. दिवसातून एकदा पोव्हिडोन आयोडीन टेकवा, डोळा बंद झाला असेल तर मिठाच्या पाण्याने पुसून दाणा-पाणी तोंडापाशी धरा. दोन-तीन आठवड्यांत खपल्या गळतात. तोंडात पिवळट चट्टे आले आणि गिळता येत नसेल तर दवाखाना गाठा.

मानमोडी आणि लस

हिरवी पातळ शीट, तोंड उघडून श्वास, नंतर मान पिळवटलेली: ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती आली की उपचार नाही, एका खुराड्यातून वाडीभर जाते. यावर फक्त लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. चार-पाच आठवड्यांनी लासोटा पुन्हा, पाण्यातून. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी (हीही मानमोडीचीच लस), कातडीखाली अर्धा मिलिलिटर. दोन लसींत किमान आठवडा-दोन आठवड्यांचे अंतर ठेवा, आर-टू-बीच्या आठ दिवस आधी जंतनाशक द्या, आणि आजारी कोंबडीला लस देऊ नका.

अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती परवडत नाही, म्हणून लसच टाळली जाते. गल्लीतल्या, पाड्यावरच्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणावी, थर्मासमध्ये बर्फावर, पहाटे. पाण्यातून देताना नळाचे पाणी चालत नाही. गंगापूर धरणाचे शहरात येणारे पाणी क्लोरीन घातलेले असते, आणि क्लोरीन लस मारते. विहिरीचे स्वच्छ पाणी घ्या, लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, आणि कोंबड्यांना आधी दोन तास तहानलेले ठेवा.

एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर कापून बघू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. 1962 या क्रमांकावर किंवा दवाखान्यात कळवा. 2006 साली भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती आपल्याच शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात.

पंख, नखे, अंघोळ

कुंपणावरून उडणाऱ्या कोंबडीचा एकच पंख कातरा, म्हणजे तोल जाऊन ती उडत नाही. दोन्ही कातरले तर तोल राहतो आणि ती पुन्हा उडू शकते. पंख उघडून बाहेरची दहा लांब पिसे धरा आणि वरच्या लहान पिसांच्या ओळीच्या खाली कातरा. पिसाची दांडी पांढरी, पोकळ असेल तरच ते कातरायचे. निळसर दांडीत रक्त असते. चुकून कापलेच तर कॉर्नफ्लोअर किंवा हळद दाबून तीन मिनिटे धरा.

नखाला टॉर्च लावला की आतली लाल शीर दिसते, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे कापा. कडकनाथचे नख काळे असल्याने शीर दिसत नाही, म्हणून त्याचे दर आठवड्याला एक मिलिमीटर घ्या. रक्त आले तर न्हाव्याकडची तुरटी ओली करून दाबा. वरची चोच खालच्यापेक्षा किंचित लांब असणे स्वाभाविक आहे, फार वाढली असेल तर नखाच्या कानशीने घासा.

अंघोळ फक्त बुडाची पिसे शीटेने कडक झाली असतील तरच, दुपारी, कोमट पाण्यात भिजवून, ओढून नव्हे. थंडीत तीननंतर नको. पिल्लाचे बूड चिकटले असेल तर ओल्या कापसाने दहा मिनिटे मऊ करत सोडवा.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, म्हणजे तापली. सावलीत आणून पाय साध्या पाण्यात उभे करा, बर्फाचे पाणी नको. ओआरएसचे पाकीट एक लिटरमध्ये विरघळवून पाजा. एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत-बाहेर पाणी पिते, उन्हात ते दुप्पट होते. मातीचे परळ दोन ठिकाणी ठेवा आणि दाणा सकाळी नऊच्या आत आणि पाचनंतर द्या.

जखम आणि वेगळी खोली

मुंगूस किंवा कुत्र्याच्या दाताची जखम बाहेरून लहान आणि आत खोल असते. मिठाच्या पाण्याने सिरिंज भरभरून धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, टाके घालू नका. पावसात जखमेत चोवीस तासांत अळ्या पडतात, त्या चिमट्याने एकेक काढा आणि रोज दोनदा बघा. बाकीच्यांनी टोचू नये म्हणून जेन्शन व्हायोलेट लावून लाल रंग झाका.

आजारी कोंबडीसाठी आधीच एक जागा ठरवून ठेवा. मोठा द्राक्षाचा क्रेट, तळाला जुना टॉवेल, पाणी आणि मऊ शिजवलेला भात हाताशी, आवाजापासून दूर. आठवडे बाजारातून आणलेली नवी कोंबडीही इथेच 14 दिवस, आणि तिचे काम सर्वांत शेवटी, तिच्याकडे जाताना पायात घालायचे जोडे वेगळे.

बरी झालेली कोंबडी दिवसा कळपात सोडू नका. ती जुनी असली तरी बाकीच्यांना नवखीच वाटते आणि मारामारी होते. दोन दिवस तिचा क्रेट त्यांच्यासमोर जाळीपलीकडे ठेवा, तिसऱ्या रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की अंधारात तिला त्यांच्या मधोमध बसवा, आणि सकाळी दाणा दोन वेगळ्या ठिकाणी टाका.